एअर सस्पेन्शनचे बोल्ट आवळण्याआधी हे वाचा

सभासद मंडळी, नमस्कार.

एअर सस्पेन्शन म्हणजे हवा भरलेल्या रबरी पिशव्यांवर (एअर बॅगवर) गाडी तोलणारी यंत्रणा. जुन्या मोटरहोममध्ये, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीत, तिचे बोल्ट कृपया इम्पॅक्ट गनने (झटके देत बोल्ट फिरवणाऱ्या यंत्राने) आवळू नका. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायचा पाना) वापरा आणि टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या जोराचा, आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. तो कोरड्या आट्यांसाठी असेल, तर तेल लावू नका. तेल लावलं की त्याच टॉर्कला बोल्टवर जास्त ताण येतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती रबर बुशिंगच्या (सांध्यातल्या रबरी नळीच्या) बोल्टमध्ये. चाकं लोंबकळत असताना ते पक्के केले, तर गाडी खाली आल्यावर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. सस्पेन्शन नेहमीच्या उंचीवर आणूनच शेवटचा टॉर्क द्या.

मागच्या तपासणीत माझ्या गाडीत एका वॉशरभोवती बारीक तांबूस भुकटी दिसली. नट वरून घट्ट वाटत होता, पण आतून हलत होता. अशी भुकटी दिसली की बोल्ट काढून आटे बघाच. नायलॉनचे लॉकनट पुन्हा वापरू नका. आवळून झाल्यावर रंगाची रेघ मारा, थोडं चालवून पुन्हा तपासा.

आणि हात जोडून सांगतो, फक्त हवेच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. चॅसीखाली (गाडीच्या मूळ सांगाड्याखाली) भक्कम स्टँड लावाच. एअर बॅग काढायची असेल, तर आधी हवा पूर्ण सोडा.