लग्नपत्रिकेवरचं नाव : माजी सैनिक कल्याण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
माजी सैनिक कल्याण, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

माझे वडील गेल्या श्रावणात वारले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे, म्हणजे जंगी पलटणीचे हवालदार. १९७१च्या डिसेंबरात, बांगलादेशच्या लढाईत, त्यांची पलटण तिथल्या जमालपूरच्या पाठीमागे ढाक्याकडे जाणारा रस्ता अडवून बसली होती. १० तारखेच्या रात्री वेढ्यात सापडलेलं पाकिस्तानी सैन्य बाहेर पडायला निघालं, ते थेट यांच्या मोर्च्यांवर आलं. आबा त्या रात्रीबद्दल एवढंच सांगायचे, "थंडी फार होती." पुढचं विचारलं की उठून गोठ्याकडे जायचे.

मला आठवतात ते पेन्शनवर आलेले आबा. आई पहाटेच रानात जायची, म्हणून माझ्या वेण्या तेच घालायचे. खोबरेल तेल तळहातांवर चोळून घ्यायचे, कंगव्याच्या टोकानं कपाळापासून मानेपर्यंत भांग पाडायचे, आणि एक केस जरी रेघेबाहेर राहिला तरी सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. शाळेची घंटा होईल म्हणून मी रडायचे. लाल रिबिनीची दोन्ही फुलं सारखी झाल्याशिवाय त्यांनी मला कधी उंबरा ओलांडू दिला नाही. पुढं माझ्या डी.एड.च्या फीसाठी त्यांनी साताऱ्याच्या एमआयडीसीत रात्रपाळीची सिक्युरिटी केली. पोरीला एवढं कशाला शिकवायचं, असं भावकी म्हणाली. आबांनी वाद घातला नाही, फी भरून आले.

आता माझी तक्रार. १९६९ साली लग्नाची सुट्टी संपवून ते पलटणीत परतले, तेव्हा कागदोपत्री आईची नोंद लग्नपत्रिकेवरून झाली. पत्रिकेवर तिचं माहेरचं नाव. मांडवात मात्र ताटातल्या तांदळांत अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, आणि रेशनकार्डापासून आधारपर्यंत ती त्याच नावानं जगली. फॅमिली पेन्शनसाठी आम्ही गेलो तेव्हा खिडकीमागच्या माणसानं दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारलं, "या बाई नक्की कोण?" पन्नासहून अधिक वर्षांच्या संसारानंतर आईला हे ऐकावं लागलं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, सरपंचांचा दाखला, जुनं सर्व्हिस रेकॉर्ड, सगळं दिलं. चार महिने झाले. दर वेळी एक कागद कमी असतो.

साहेब, पेन्शन केंद्राची, हे मला ठाऊक आहे. पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं आपल्या राज्याची आहेत आणि सासरी नाव बदलण्याची रीतही आपलीच. केंद्राच्या संगणकाला ती कशी कळणार? एकट्या अपशिंगे मिलिटरी गावानं पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. तिथला स्तंभ आबांनी मला लहानपणी हात धरून दाखवला होता. अशा गावांच्या जिल्ह्यात हे काम खिडकीवरच्या बाबूच्या मर्जीवर का राहावं?

माझी मागणी साधी आहे. कार्यालयाचा माणूस महिन्यातून एकदा प्रत्येक तालुक्याला यावा. त्यानं सैन्यातून निवृत्त होताना मिळालेलं डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, आणि आधार यांवरचं पत्नीचं नाव ताडून बघावं, आणि फरक असेल तर सैनिक हयात असतानाच, त्याच्या सहीनं, दुरुस्तीचा अर्ज सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडे पाठवावा. एकाहत्तरची लढाई लढलेली माणसं आता पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. आबांची एक सही तेव्हा कुणी मागितली असती तर त्यांनी बिल्ले लावून, कडक इस्त्रीत जाऊन केली असती.

आईला सही आबांनीच शिकवली, सुट्टीवर आले असताना, आंतरदेशीय पत्राच्या कोऱ्या बाजूवर. तांदळातल्या नावाची. येत्या सोमवारी तीच सही घेऊन आम्ही पुन्हा त्या खिडकीशी उभ्या असू.

आपली,
एका हवालदाराची मुलगी, जिल्हा सातारा