तळणीचे तेल नजरेने नव्हे, मीटरने तपासा: अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य
यांस,

सप्रेम नमस्कार.

तळणीच्या तेलात ते तापून बिघडताना वाढणारी एकूण ध्रुवीय संयुगे, म्हणजे टीपीसी, 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचे नाही, हा नियम देशात 1 जुलै 2018 पासून लागू आहे. मर्यादा योग्य आहे. आमचे म्हणणे ती मोजण्याबद्दल आहे. रंग पाहून आणि वास घेऊन दिलेला निकाल या नियमात बसत नाही, आणि तो चुकण्याची शक्यताही मोठी.

बटाटेवड्याच्या पिठातली हळद, मिरचीपूड, तळाशी करपलेला चुरा यांनी बऱ्यापैकी ताजे तेलही लवकर तपकिरी होते. उलट मॅग्नेशियम सिलिकेटसारखी पावडर घालून गाळलेले तेल उजळ दिसते. ही पावडर रंग आणि तेल फुटून सुटणारी मुक्त स्निग्धाम्ले शोषून घेते, पण तेल दाट करणारे पॉलिमर बऱ्याच अंशी तेलातच राहतात. म्हणून स्निग्धाम्ले दाखवणाऱ्या कागदी पट्ट्यांवर विसंबू नये. त्या टीपीसी मोजतच नाहीत. तेल खवट होऊ लागताना तयार होणारे पेरॉक्साइड मोजणाऱ्या चाचणीचेही तेच. तळणीच्या उष्णतेने पेरॉक्साइड तुटतात, त्यामुळे पुरते बिघडलेले तेलही या चाचणीत निर्दोष ठरू शकते.

कढईजवळ उपयोगी पडतो तो हातातला टीपीसी मीटर. तेल बिघडते तसा त्याचा डायलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे विद्युत क्षेत्रात ऊर्जा साठवण्याची क्षमता दाखवणारा आकडा, वाढतो आणि सेन्सर तो फरक टिपतो. खोलीच्या तापमानाला तेलाचा हा स्थिरांक 3 च्या आसपास, तर पाण्याचा 80 च्या जवळ असतो. म्हणजे ओल्या भज्यांचा घाणा नुकताच काढला असेल, तर तेलातल्या थोड्याशा पाण्यानेही आकडा फुगतो आणि दुकानदारावर विनाकारण ठपका येतो. त्यासाठी माल काढून बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत, निदान पाच मिनिटे, थांबावे. तेल 40 अंशांहून गरम हवे. 150 ते 180 अंशांना वाचन चांगले मिळते. झाऱ्याने तेल ढवळावे, सेन्सर त्यावरच्या किमान-कमाल खुणांच्या मधोमध बुडवावा, कढईच्या धातूला टेकू देऊ नये, इंडक्शनची शेगडी असेल तर बंद करावी. आकडा स्थिरावला की नोंदवावा आणि पुढच्या कढईआधी सेन्सर मऊ कागदाने पुसावा. घट्ट बसलेला जुना थर पुढची सगळी वाचने बिघडवतो. टीपीसी आधीच माहीत असलेल्या संदर्भ तेलात मीटर ठरलेल्या मुदतीने पडताळावा.

अशा मीटरमध्ये साधारण दोन टक्क्यांचा फरक गृहीत धरावा लागतो. त्यामुळे 24 आला म्हणून सोडून देणे आणि 26 आला म्हणून थेट खटला भरणे, दोन्ही चूक. या पट्ट्यातले आणि त्यावरचे वाचन आले की कायद्याप्रमाणे नमुना घेऊन प्रयोगशाळेत सिलिका जेलच्या स्तंभावर ध्रुवीय भाग वेगळा करून टीपीसी काढावा. न वापरलेल्या पामतेलाचे वाचन सूर्यफुलाच्या तेलापेक्षा मुळातच जास्त येते, म्हणून त्याच डब्यातल्या कोऱ्या तेलाचा आकडाही शेजारी लिहावा.

तपासणीची वेळही महत्त्वाची आहे. सकाळी दहाला कढईत नवे तेल ओतलेले असते. संध्याकाळची गर्दी ओसरल्यावर तेच तेल दिवसभराची उष्णता, ओल आणि हवा सोसून बसलेले असते. तपासणी तेव्हा व्हावी. कोपऱ्यात झाकून ठेवलेला ‘कालच्या तेलाचा’ डबाही तपासावा. या तेलात नवे तेल मिसळले की आकडा काही घाण्यांपुरता खाली येतो, एवढेच.

दुसरी गोष्ट 50 लिटरच्या अटीची. वापरलेल्या तेलाच्या नोंदी ठेवणे आणि ते अधिकृत संकलकालाच देणे, हे 1 मार्च 2019 पासून बंधनकारक आहे ते दिवसाला 50 लिटरहून अधिक तेल तळणीला लागणाऱ्यांनाच. एका कढईवर चालणारी वडापावची गाडी या अटीत येत नाही. मोठ्या स्वयंपाकघरातून निघालेले तेल स्वस्तात अशाच ठिकाणी पोहोचण्याचा धोका असतो. गाडीवाल्याला दंड करण्याआधी त्याचे पाच-सात लिटर तेल घ्यायला कोणीतरी आले पाहिजे. प्रभागनिहाय ठरलेल्या दिवशी संकलन केंद्र चालवले आणि तेलाला वजनावर भाव दिला, तर बायोडिझेलसाठी ते गोळा होईल.

आमच्या मागण्या अशा: तळणीची ठिकाणे तपासणाऱ्या प्रत्येक अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला पडताळलेला टीपीसी मीटर द्या, मोजण्याची वर दिलेली पद्धत मराठीत, एका पानावर, परिपत्रक म्हणून काढा, तपासणी अहवालात तेलाचा प्रकार, तापमान, वेळ, कोऱ्या तेलाचे वाचन आणि मीटरच्या शेवटच्या पडताळणीची तारीख असे रकाने घाला. सुरुवात फरसाणचे कारखाने, वसतिगृहांच्या खानावळी आणि रेल्वे स्थानकांबाहेरच्या गाड्यांपासून करा. दिवाळीच्या फराळाची तळण सुरू होण्याआधी हे परिपत्रक निघावे, ही विनंती.

आपले,
तळणीच्या तेलाच्या तपासणीचे काम करणारे अन्नतंत्रज्ञ