शास्त्राच्या पेपरात गाणे कधी ऐकवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एम. ए. संगीताची परीक्षा जवळ आली की माझ्याकडे शिकणाऱ्या मुलामुलींचा रियाज मागे पडतो आणि वह्या बाहेर निघतात. रागाचा थाट (ज्या स्वरसमूहात तो बसवतात तो), जाती (त्यातल्या स्वरांची संख्या), वादी-संवादी (रागातला प्रमुख स्वर आणि त्याचा जोडीदार), गानसमय, आरोह-अवरोह, पकड (राग ओळखवणारी छोटी स्वरावली). हीच माहिती त्यांनी पहिल्यावहिल्या परीक्षांसाठी पाठ केलेली असते. पदव्युत्तर वर्गात राग वाढतात, विचारण्याची पद्धत मात्र बहुतेक ठिकाणी तीच राहते. सुरेल, तयारीने गाणारी मुलगी आपण काय गायलो हे दोन ओळींत मांडू शकत नाही, याचे मला फार वाईट वाटते, कारण तिला ते कोणी कधी विचारलेलेच नसते.

मारवा रागाचेच घ्या. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य, बाकी स्वर शुद्ध. हेच सूर पूरियाचे आणि हेच सोहनीचे. वही सांगते, मारव्याचा वादी रिषभ आणि संवादी धैवत, पूरियाचे गंधार-निषाद, सोहनीचे धैवत-गंधार. एवढे लिहिले की गुण मिळाले. पण त्याच वहीत आधीच्या पानावर नियम असतो की वादी-संवादींमध्ये षड्ज-पंचम किंवा षड्ज-मध्यम भाव, म्हणजे सा ते प किंवा सा ते म एवढे अंतर हवे. हार्मोनियमवर काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून मोजा. सा ते प अंतर सात पट्ट्यांचे, सा ते म पाचाचे. कोमल रे ते शुद्ध ध भरते आठ! पूरियात नियम बसतो, मारव्यात बसत नाही. मग मारवा उभा कशावर राहतो? विद्यापीठात विचारायचा प्रश्न हा आहे आणि त्याचे उत्तर वहीत नाही, गाण्यात आहे. उस्ताद अमीर खाँ यांची मारव्याची ध्वनिमुद्रिका लावा. षड्जावर येणे ते किती लांबवतात, कोमल रिषभ आणि मंद्र (खालच्या सप्तकातल्या) धैवतावर किती रेंगाळतात, हे घड्याळ समोर ठेवून टिपायला सांगा. पंचम नसल्यामुळे तानपुरा निषादात मिळवला की त्या दोन स्वरांचे वजन कसे बदलते, तेही ऐकायला लावा. अशा एका तासात विद्यार्थ्याला वादी स्वर म्हणजे काय ते कळेल.

ज्यांच्या नावावर वहीतली ही वादी-संवादींची कोष्टके खपतात त्या संगीतशास्त्रकार पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी स्वतः असे नुसत्या पाठांतराचे काम केले नव्हते. ते देशभर हिंडले, घराण्यांच्या बंदिशी जमवल्या, जुने ग्रंथ आणि चालू गायकी यांतली तफावत तपासली. १९१०पासून मराठीत लिहिलेली त्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ तर गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे. त्यातला शिष्य सतत शंका काढतो. आपण शंका गाळल्या आणि तयार उत्तरे तेवढी ठेवली.

गुरुमुखी विद्येची अशी चिरफाड करू नये, असे काही ज्येष्ठ म्हणतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगते, की ‘हा रिषभ जरा उतरा लाव’, ‘इथे गंधारावर थांबू नको, नाहीतर पूरिया होईल’ असे तालमीत गुरू सांगतात तेव्हा ते विश्लेषणच करत असतात. ते वर्गात आणि उत्तरपत्रिकेत यावे, इतकीच अपेक्षा आहे. साधनांचीही वानवा नाही. मुंबईच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कलासंस्थेत सुवर्णलता राव आणि विम व्हान डर मीर यांनी गाणे चालू असताना स्वराची वळणे पडद्यावर आलेखात दिसतील अशी सोय केली. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) कुठून निघाली, आंदोलन (स्वराचे संथ हेलकावणे) किती रुंद आहे, हे डोळ्यांनीही तपासता येते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०नुसार अभ्यासक्रम नव्याने बसवले जात आहेत. संगीताच्या अभ्यास मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे की शास्त्राच्या १०० गुणांपैकी निदान ४० गुण ऐकून लिहिण्यासाठी ठेवावेत. परीक्षेच्या खोलीत पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण तीनदा ऐकवावे. त्यातल्या एका आलापाचे स्वरलेखन, न्यासाच्या (स्वरावर थांबण्याच्या) जागा आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याची रीत विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहावी. राग ओळखण्याला गुण देऊ नयेत, रागाचे नाव प्रश्नपत्रिकेतच छापावे. एक बरा स्पीकर आणि शांत खोली एवढाच खर्च आहे. परीक्षकांची तयारी मात्र करून घ्यावी लागेल, कारण अशा उत्तरपत्रिका नमुना उत्तर शेजारी ठेवून तपासता येणार नाहीत.

आपली,
एक संगीतशिक्षिका, मिरज