केबल शेतकऱ्याची, किंमत भंगाराची

मा. संपादक,
स.न.वि.वि.

केळी पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना गेल्या काही वर्षांत एक सकाळ पाठ झाली आहे. शेतात जावे तर पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीखाली केबल कापलेली, आणि जवळच्या नाल्यात काळ्या राखेचा चट्टा. प्लास्टिक तिथेच जाळायचे, तांबे पिशवीत भरायचे आणि उजाडायच्या आत निघून जायचे, अशी ही चोरी. मी रावेर-यावल भागात केळी करतो. गेल्या एप्रिलमध्ये एकाच रात्री आमच्या शिवारातल्या सहा जणांच्या केबली गेल्या. माझी दीडशे फूट होती.

आम्ही सहाही जण ठाण्यात गेलो. वागणूक वाईट मिळाली असे मी म्हणणार नाही. बसायला सांगितले, ऐकून घेतले. पण प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच होता, केबल किती वर्षांची? चार वर्षांची, असे मी सांगितले. "मग चार हजार लिहू." सगळ्यांचे असेच झाले. कुणाचे साडेतीन हजार, कुणाचे चार. सहा जणांच्या सहा अदखलपात्र नोंदी झाल्या आणि आम्ही सहा कागद घेऊन घरी आलो. शेतावर कुणी आले नाही, राखेचा चट्टा कुणी पाहिला नाही. दुसऱ्याच दिवशी मी नवी केबल आणली, तिचे बिल साडेसात हजारांचे झाले.

चार हजार हा आकडा कुठून येतो, हे मला त्या वेळी कळले नव्हते. नंतर एका वकील मित्राने समजावून सांगितले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या कायद्यात चोरी कितीही रुपयांची असो, ती दखलपात्रच होती. आता कलम ३०३ मध्ये अशी तरतूद आली की चोरलेल्या वस्तूची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा द्यायची. असा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. अदखलपात्र म्हटला की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. म्हणजे केबलची किंमत ४,९०० लिहिली की तपास थांबला, ५,१०० लिहिली की तो करणे भाग.

एखाद्या पोराने भुकेपोटी काही उचलले तर त्याला तुरुंगात घालू नये, हा या तरतुदीमागचा विचार मला मान्य आहे. पण आमच्या नाल्यात तांबे जाळणारे भुकेले पोर नव्हते. आणि चोर अजून सापडलेलाच नाही, तर तो पहिल्यांदाच दोषी ठरतो आहे हे ठाणे अंमलदारांना कुठून कळले? सवलत पहिल्यांदा सापडलेल्यासाठी आहे. कोण, कितव्यांदा, हे तपासानंतर कळते. इथे ते आधीच धरून तपासच बंद केला जातो.

किंमत कुणाची धरायची, हेही एकदा ठरले पाहिजे. भंगारात त्या तांब्याचे दोन-तीन हजार येत असतील. माझ्या लेखी त्या केबलची किंमत म्हणजे मोटार पुन्हा चालू करायला लागलेला खर्च. त्यापुढचे नुकसान तर मी कुठे लिहायचे तेच कळत नाही. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४२ च्या वर असतो आणि निसवणीवर, म्हणजे घड बाहेर पडण्यावर, आलेल्या केळीच्या एका झाडाला दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी लागते. माझी साडेचार हजार खोडे आहेत. केबल आणून, माणूस मिळवून मोटार सुरू होईपर्यंत तीन दिवस गेले. ज्यांनी केळी लावली आहे त्यांना त्या तीन दिवसांचा अर्थ सांगावा लागणार नाही. शेजारच्या एकाची बाग नुकतीच निसवत होती. त्याच्याकडे नव्या केबलला रोख पैसे नव्हते, त्याचा आठवडा गेला. त्याच्या घडांची वाढ खुंटली ती खुंटलीच. त्याच्याही कागदावर किंमत साडेतीन हजारच आहे.

शिवाय सहा शेते, एक रात्र, एकच हत्यार, एकच राखेचा ढीग. याच्या सहा वेगळ्या चोऱ्या कशा होतात? एकत्र धरले तर ठाण्यानेच लिहिलेली रक्कम वीस हजारांच्या वर जाते. टोळीने केलेल्या अशा चोऱ्यांसाठी न्याय संहितेतच ११२ वे कलम आहे, छोट्या संघटित गुन्ह्यांचे, आणि त्यात किमान एक वर्षाची शिक्षा आहे. त्याचा विचार आमच्या बाबतीत झाला नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट वीज कायद्यात आहे. महावितरणच्या खांबावरची तार चोरीला गेली की विद्युत अधिनियम, २००३ चे कलम १३६ लागते. त्यात पाच हजारांची अट नाही, शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र. या कलमात वीजवाहिनी "परवानाधारकाच्या किंवा मालकाच्या" संमतीशिवाय कापणे, नेणे असे शब्द आहेत. माझ्या स्टार्टरपासून मोटारीपर्यंतच्या केबलचा मालक मी आहे आणि तिच्यातून वीजच वाहते. खांबाच्या अलीकडची तार गेली तर दखलपात्र आणि पलीकडची गेली तर अदखलपात्र, हा फरक कायद्याच्या शब्दांत मला दिसत नाही. खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांनी सरकारी वकिलांचे मत घेऊन आपापल्या ठाण्यांना याबाबत लेखी सूचना द्याव्यात, ही माझी मुख्य मागणी आहे.

यातून आकड्यांचेही नुकसान होते. चोऱ्या वाढल्या की घटल्या हे आपण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालावरून बोलतो. त्यात दखलपात्र गुन्हेच मोजले जातात. आमच्या शिवारातल्या त्या रात्रीचा त्या हिशेबात शून्य आहे. उद्या कुणी सांगेल की ग्रामीण भागात चोऱ्या कमी झाल्या, म्हणून गस्तीची गाडी वाढवून देण्याची गरज नाही. यात हवालदारांचीही अडचणच होते. एकेका बीटमध्ये कितीतरी गावे आणि हाताशी मोजकी माणसे, हे आम्ही पाहतो. पण माणसे मागायची तर गुन्हा आधी कागदावर यायला हवा.

आता भंगाराविषयी. सगळे भंगारवाले चोरीचा माल घेतात असे मी म्हणत नाही. त्यांच्यातले बरेच जण दारोदार फिरून पोट भरणारे आहेत. पण जळलेले तांबे लपत नाही. त्याचा रंग काळवंडलेला असतो, भावही कमी मिळतो, आणि ज्या माणसाकडे स्वतःची जुनी केबल आहे तो ती रात्री नाल्यात जाळून विकायला का नेईल? असा माल घेणाऱ्याने नाव, ओळखपत्र आणि वजन वहीत लिहिलेच पाहिजे. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या माणसाकडून धातूचे भंगार घेतले तर जीएसटी नोंदणीकृत खरेदीदाराने भरायचा असा नियम आहे. म्हणजे मोठ्या व्यापाऱ्यापाशी कागद तयार होतोच. तो पाहायला कुणीतरी गेले पाहिजे. छोट्या दुकानांसाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १६३ खाली दोन महिन्यांपर्यंतचा आदेश काढता येतो. भाडेकरूंची माहिती ठाण्यात द्या, असे आदेश शहरांत याच कलमाखाली निघतात. एप्रिल-मेपुरता तरी भंगार दुकानांच्या वहीसाठी तो काढावा. रावेरहून बऱ्हाणपूर अगदी जवळ आहे, तिकडे मध्य प्रदेशच्या पोलिसांची हद्द सुरू होते, तेव्हा दोन्हीकडच्या ठाण्यांचे या बाबतीत बोलणे हवे.

एक गोष्ट पोलिसांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. वाहत्या विजेची केबल कुणी कापत नाही. आमच्याकडे शेतीची वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते. ज्या दिवसांत पाळी दिवसाची असते, त्या रात्री वाहिनी मृत असते आणि चोरी त्याच रात्री होते. आमच्या शिवारात आतापर्यंत तीनदा चोरी झाली, तीनही वेळा अशीच. महावितरणचे वेळापत्रक चोरांना पाठ आहे. तेच वेळापत्रक ठाण्याने उपकेंद्रातून मागवून घेतले, तर कोणत्या रात्री कोणत्या शिवारात गाडी फिरवायची हे आधीच कळेल. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीला दिवसा वीज मिळू लागली आहे. आम्ही वर्षानुवर्षे मागितली तीच ही वीज, आणि ती हवीच. पण ती सगळीकडे पोचेल तेव्हा प्रत्येक रात्र मृत वाहिनीची असेल, याची तयारी आत्ताच व्हायला हवी.

माझ्या नोंदीच्या कागदावर तारीख आणि क्रमांक आहे. दंडाधिकाऱ्यांकडून तपासाचा आदेश घेता येतो हे कळल्यावर आम्ही सहा जण मिळून तसा अर्ज करणार आहोत, आणि पोलीस अधीक्षकांनाही टपालाने लेखी तक्रार पाठवत आहोत. तोवर आमच्या शिवारात विजेची पाळी दिवसाची असली की रोज संध्याकाळी केबल सोडवून गुंडाळून घरी आणली जाते. माझे वय ६३ आहे. सकाळी वीज यायच्या आत सालदार आणि मी ती पुन्हा जोडतो.

आपला,
एक केळी उत्पादक शेतकरी
(जि. जळगाव)