माहितीपटाचे संगीत उसने नको

मा. संपादक महोदय,

गोव्यातील लोककला, खाजन शेती (खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या जमिनीवरची शेती) आणि जुनी घरे यांवर अलीकडे माहितीपट होत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र मी पाहिलेल्या अनेक पटांचे पार्श्वसंगीत तयार ध्वनिसंग्रहातून उचललेले होते. मांडावर, म्हणजे गावाच्या पारंपरिक अंगणात, धालो हे स्त्रियांचे लोकनृत्य रंगलेले दिसत असताना कानावर कोणत्याही मुलखाचे नसलेले सिंथेसायझरचे सूर पडावेत, हे मनाला फार लागते.

माहितीपटात संगीत दुय्यम असते, ही समजूत जुन्या उत्तम कामांनी केव्हाच खोटी ठरवली आहे. टपालगाडीवरील 'नाइट मेल' या १९३६ च्या ब्रिटिश माहितीपटात ऑडन यांची कविता आणि तरुण बेंजामिन ब्रिटन यांचे संगीत आगगाडीच्या चाकांच्या लयीत धावते. रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या 'लुइझियाना स्टोरी' या अमेरिकेतील लुइझियाना राज्यात घडणाऱ्या पटासाठी (१९४८) संगीतकार व्हर्जिल थॉमसन यांनी जे केले, ते तर आपण गोमंतकीयांनी मुद्दाम अभ्यासावे असे आहे. हा पट कथेच्या अंगाने जाणारा आहे खरा. पण त्यासाठी थॉमसन यांनी तेथील पाणथळ भागात राहणाऱ्या फ्रेंचभाषक लोकांची गाणी आणि नाचाच्या चाली घेतल्या, त्यांवर वाद्यवृंदाची रचना बांधली आणि त्या संगीताला १९४९ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे बासरीवादक विजय राघव राव यांनी फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपटसंस्थेच्या कितीतरी माहितीपटांना संगीत दिले. चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी ते ऐकलेल्या प्रेक्षकांपैकी फार थोड्यांना त्यांचे नाव ठाऊक असेल, याची खंत वाटते.

गोव्यात तर सामग्रीची वाण नाही. घुमट या मातीच्या तालवाद्याला २०१९ मध्ये राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली. शामेळ हे चर्मवाद्य आणि कासाळे या झांजांसह रंगणारी सुवारी, म्हणजे घुमटाचे सामूहिक वादन, गावोगावी ऐकू येते. दुसरीकडे, स्वरलिपी वाचून वाजवणाऱ्या गोमंतकीय वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताला वाद्यवृंदाची शिस्त दिली. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. हे दोन्ही वारसे एकत्र आणणारे संगीत येथील माहितीपटांसाठी का रचले जाऊ नये?

म्हणून माहितीपटांना अर्थसाहाय्य देणाऱ्या संस्थांनी मूळ संगीतरचनेसाठी स्वतंत्र तरतूद करावी, संगीतकाराबरोबर वादकांचीही नावे श्रेयनामावलीत असावीत आणि इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या काळात पणजीत अशा संगीताचे एखादे सत्र व्हावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, फोंडा