मागतील तेव्हा देणे

आदरणीय फादर,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभाला शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. छप्पर दुरुस्त केलंत, ग्रोटोला रंग दिलात, मुलांसाठी वाचनालय काढलंत, हे सगळं बोलून झालं. मला जे सांगायचं होतं ते माइकवर सांगण्यासारखं नव्हतं. पण लपवण्यासारखंही नाही. आमच्या भावकीचं भांडण गावाला पाठ आहे, निदान त्याचा पुढचा भाग तरी माझ्या तोंडून कळू दे.

भांडण कशाचं, ते थोडक्यात. वाडीतलं सामायिक बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, चुलत दिरांनी भराव टाकून बुजवलं. मोजणी, तहसील, कोर्ट यात मी शिरत नाही, ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी भोगलं नाही त्यांना देव तसंच सुखात ठेवो. माझे सासरे फादर दिब्रिटोंच्या हरित वसई आंदोलनात पाण्यासाठी घोषणा देत हिंडलेले, आणि त्यांच्याच घरात पाण्यावरून कोर्ट झालं. वसईत जमिनीला भाव आला आणि भावकीचा गेला. निकाल आमच्या बाजूने लागला. बावखल काही परत आलं नाही, पण निकाल लागला.

खरं दुखणं त्यानंतर सुरू झालं. भांडण संपलं आणि मला करमेना. रोज रात्री भांडी आवरली की मी ती फाईल घेऊन बसायची. जाड पुठ्ठ्याची, हिरव्या कापडाची, पांढऱ्या नाडीची, कोपऱ्याला केळीच्या चिकाचे काळे डाग. सातबारे, फेरफार, नोटिसा, भरावाचे फोटो. दिरांनी जबाबात जे खोटं लिहून दिलं होतं ते पान आपोआप उघडायचं, इतक्या वेळा वाचलेलं. वाचलं की छातीत गरम व्हायचं, आणि खरं सांगते फादर, ते बरं वाटायचं. मी कुणाला शिव्याशाप दिले नाहीत, कुणाच्या वाईटावर गेले नाही. मग कुमसाराला, पापं कबूल करायला बसून, सांगायचं तरी काय?

तरी सांगून पाहिलं. एका ठिकाणी ‘क्षमा करा, विसरा, तीन नमो मरिया म्हणा’ यात आटोपलं, मागे रांग मोठी होती. एका रिट्रीटमध्ये प्रवचनकारांनी लोटाच्या बायकोची, मागे वळून पाहिलं म्हणून मिठाचा खांब झालेल्या बाईची, गोष्ट अशी गरजून सांगितली की पुढच्या बाकावरचं बाळ रडायला लागलं. त्यांना गाठून बोलले तर म्हणाले, फाईल उद्या इथे आणा, वेदीसमोर जाळू, लोकांना साक्ष मिळेल. लोकांना मिळाली असती हो, मला काय मिळालं असतं? आणखी एकांना घरी चहा देत विश्वासाने सगळं सांगितलं, तर पुढच्या रविवारी ‘आपल्यातली एक बहीण’ म्हणून मी प्रवचनात! नाव घेतलं नाही, पण बावखल म्हटल्यावर नाव कशाला घ्यायला हवं? त्या दिवसापासून मी गप्प बसले.

मग २०२५ चं ज्युबिली वर्ष, चर्चचं पवित्र वर्ष, आलं. नेमून दिलेल्या चर्चला बस करून आम्ही बायका जाऊन आलो. पूर्ण दंडमाफीसाठी, म्हणजे पापांची उरलेली शिक्षा माफ होण्यासाठी, काय काय लागतं ते आमच्या पाठ होतं: पापनिवेदन, ख्रिस्तशरीर, पोपमहाशयांच्या हेतूंसाठी प्रार्थना. परत आल्यावर मी तुम्हाला सहज विचारलं, झालं ना सगळं? तुम्ही हसून म्हणालात, ‘अजून एक अट असते, ती बसमध्ये कुणी सांगत नाही. कुठल्याही पापाची ओढ मनात उरता कामा नये. अगदी लहानातल्या लहान पापाचीसुद्धा.’

मी म्हटलं, मग कुणाला मिळत असेल?

तुम्ही उत्तर दिलं नाही. संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा रोगी तेवढा सांगितलात. जिनिव्हाचे हे बिशप १६२२ मध्ये वारले, म्हणजे चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट. वैद्याने रोग्याला खरबूज बंद केलं, खाल्लं तर मराल म्हणाला. रोगी मरणाच्या भीतीने खात नाही. पण दिवसभर विषय खरबुजाचा, निदान वास तरी घेऊ द्या म्हणतो आणि ज्यांना खायला मिळतं त्यांचा हेवा करतो. मिसर देशातून सुटलेल्या इस्राएल लोकांचंही तेच. गुलामी गेली, रानात बसून आठवण कसली काढली तर फुकटच्या माशांची, काकड्या-खरबुजांची, कांद्या-लसणाची. (यादीत मासे पहिले आहेत. वसईकराने तरी त्यांना हसू नये. उपवासकाळात आपण चाळीस दिवस मटण-मासळी सोडतो, बाटली सोडतो आणि पहिल्या दिवसापासून ईस्टरचा बेत ठरवत बसतो.)

त्या दिवशी मला कुणी रागावलं नाही, आणि माझं दुखणं काय आहे ते पहिल्यांदा नीट कळलं. दुसऱ्या दिवशी मी फाईल घेऊन तुमच्या ऑफिसात आले. खरं तर तुम्ही ‘जाळा’ म्हणाल आणि मला चिडून घरी जाता येईल, अशी माझी तयारी होती.

तुम्ही फाईल उघडली नाहीत. सुटलेली नाडी नीट बांधलीत. मग एक कोरी चिठ्ठी घेऊन विचारलंत, ‘वर नाव कुणाचं लिहू?’ मी सवयीने यांचं नाव सांगितलं, सातबारा यांच्या नावावर आहे. तुम्ही पेन थांबवून म्हणालात, ‘वाचतं कोण?’ आणि माझं नाव लिहिलंत. त्याखाली लिहिलंत, ‘मागतील तेव्हा देणे’. चिठ्ठी नाडीत खोचलीत, फाईल कपाटात बाप्तिस्म्याच्या जुन्या रजिस्टरांशेजारी ठेवलीत आणि म्हणालात, ‘मी नसलो तर ऑफिसात सांगा, काढून देतील. कशाला हवी ते कुणी विचारणार नाही.’

या चिठ्ठीसाठी हे पत्र आहे, फादर. छप्पर गळायचं थांबलं त्याबद्दलही आभार, पण ते दुसरं कुणीही केलं असतं.

पावसाळ्यात एकदा मी खरंच मागायला आले. जावेच्या घरचं नवं फाटक पाहिलं होतं, डोकं फिरलं होतं. तुम्ही इलेक्ट्रिशियनशी हुज्जत घालत होतात. बोलणं न थांबवता कपाट उघडलंत, फाईल माझ्या हातात दिलीत, बाहेर पाऊस म्हणून एक प्लास्टिकची पिशवीही दिलीत आणि पुन्हा त्या वायरिंगकडे वळलात. मी पडवीतल्या बाकावर बसून ते पान काढलं. वाचलं. तेच होतं सगळं, एक अक्षर बदललेलं नव्हतं. पण मला अडवायला कुणी नव्हतं, त्यामुळे चोरून वाचण्यातली चवही राहिली नव्हती. फाईल परत आणून दिली तर तुम्ही एवढंच विचारलंत, ‘चहा घेणार?’

याला मी सज्जनपणा म्हणते. दुसऱ्याचा कमकुवतपणा हातात आला की माणसं त्याचं काहीतरी करतात. कुणी साक्ष करतं, कुणी प्रवचन करतं, कुणी नुसतंच ओळखीच्यांत वाटतं. तुम्ही तो ठेवून घेतलात, मागितला तेव्हा परत दिलात, आणि पुढच्या कुठल्याही रविवारी मला ‘एक बहीण’ व्हावं लागलं नाही. अशी माणसं सगळीकडे असतात, झगा घातलेलीच असतात असं नाही. आमच्या वकिलांकडचा कारकून तसा होता, मी तारखेला रडले की तो उगाच झेरॉक्स काढायला जायचा. त्याचेही आभार मानायचे राहिले आहेत.

जावेशी माझं बोलणं अजून नाही. चर्चमध्ये शांतीचा नमस्कार करताना मान तिच्या दिशेने वळते, एवढं झालंय. रात्री आता मी झोपते. मधल्या काळात मुलाला मोजणीचा नकाशा हवा होता, तो तेवढा ऑफिसातून काढून आणला. बाकीची पानं चाळली नाहीत, हे घरी आल्यावर लक्षात आलं. नव्या फादरांनी बोलावून फाईलचं विचारलं, चिठ्ठी दाखवली. राहू दे म्हटलं तिथेच. ते म्हणाले, बरं.

यांच्या हाती सुकेळी पाठवतेय, वाडीतलीच राजेळी केळी सुकवून केलेली. तुम्हाला साखरेचा त्रास आहे हे माहीत आहे, तेव्हा स्वयंपाकाच्या बाईंना आणि मुलांना वाटून टाका. तुम्ही वास घेतलात तर मी बिशपांना कळवणार नाही.

तुमची,
वाडीतली ‘वाचणारी’