महालक्ष्म्यांच्या दिवशी उपाशी राहू नका

प्रिय आई-बाबा,

सा. न.

फोनवर हा विषय काढला की आई म्हणते सणाच्या तोंडावर असलं काही बोलू नये, आणि बाबा लगेच इकडच्या पावसाचं विचारतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. दोघांनी मिळून वाचा.

मागच्या वर्षीचा महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस अजून माझ्या डोक्यातून जात नाही. सोळा भाज्या, पडवळ घातलेली कढी, कटाची आमटी, पंचामृत, आंबील, पुरणपोळ्या, भजी, कुरडया, सगळं होऊन आरतीला तीन वाजले, आणि बाबांनी सकाळी आठलाच नेहमीची गोळी घेतली होती, नैवेद्याआधी खायचं नाही म्हणून बिनसाखरेच्या चहावर बसून होते. मी मागच्या खोलीत गेले तर घामाने शर्ट ओला, हात थरथरतायत, बोलणं नीट कळेना, आणि बाहेर सगळे म्हणतायत उकाडा किती आहे आज. मशीनवर शुगर 54. सत्तरच्या खाली गेली तरी ती कमीच. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी परत तपासलं तेव्हा कुठे 82 आली. आई तू तेव्हा देवीपुढे होतीस, तुला नंतर सांगितलं, पण किती खाली गेली होती ते नाही सांगितलं. आज सांगतेय.

नंतर पान वाढलं तेव्हा बाबांना एवढी भूक होती की तीन पोळ्या, वर भात, वर काकांचा आग्रह, आणि रात्री तीच शुगर 290. सगळ्यांनी दोष दिला पुरणाला. मला नाही पटत. पोटाला सात तास काही नव्हतं, खरी गडबड तिथेच झाली. बाबा, तुमची ती ग्लिमेपिराइडची गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत नाही, म्हणून तिच्यासोबत पोटात अन्न जायलाच हवं. मनाने गोळी बंदही करू नका, आधी डॉक्टरांना विचारा की त्या दिवशी कधी आणि किती घ्यायची.

आई, नैवेद्याआधी कसं खायचं हा तुझा प्रश्न मला माहितीय, मी त्यावर खूप विचार केला. आवाहनाच्या दिवशी आपण भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवतो ना, त्यातली एक भाकरी आणि थोडी भाजी बाबांसाठी झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळीबरोबर तीच खायची, देवीचाच प्रसाद आहे तो, त्याला कोण नाही म्हणणार? आणि भाज्या आदल्या रात्रीच निवडून-चिरून ठेवू म्हणजे नैवेद्याचं पान बाराच्या आत निघेल.

जेवताना बाबांनी सुरुवात कोशिंबीर आणि भाज्यांनी करायची, मग आमटी-वरण, आणि पोळी शेवटी. एवढ्या क्रमानेही शुगर चढायची ती हळू चढते. पोळी एक, वर साजूक तूप घ्या, आवडीने खा. पोळी खाल्लीत तर भात घासभरच. गुळाचं चालतं हे मात्र डोक्यातून काढा बाबा, गुळानेही शुगर साखरेसारखीच वाढते. आग्रह करणाऱ्यांना मी बघून घेईन. आणि जेवून लगेच लवंडायचं नाही, पंधरा मिनिटं अंगणातल्या अंगणात चकरा मारू, मी येते सोबत.

आता आई तुझं. तुझं बीपी गोळ्या चालू असूनही वर राहतंय आणि तू पाच वाजता, सगळ्यांची पानं उठल्यावर, गार भात, पापड, कुरडई आणि लोणचं यावर भागवतेस. दिवसभरात मीठ सगळं मिळून एक छोटा चमचा, पाच ग्रॅमच्या आत असावं म्हणतात, ते तुझं एका पापड-लोणच्यात किती जातं बघ. मग उरलेलं पुरण टाकवत नाही म्हणून पुढचे तीन दिवस तूच संपवतेस. यंदा एक किलोऐवजी अर्धा किलोच डाळ घाल, उरलंच तर मी शेजारी डबे पोचवते. आणि सवाष्णीबरोबर तूही पानावर बसायचं, वाढायला मी आणि वहिनी आहोत. तू जेवली नाहीस तर माझ्याही घशाखाली घास उतरत नाही, मागच्या वर्षीही उतरला नव्हता.

आवाहनाच्या दिवशी पहाटेच्या ट्रॅव्हल्सने पोचतेय. मशीनच्या पट्ट्या नवीन घेतल्यात, सोबत आणते. मेथी निवडत बसू नकोस, मी आल्यावर निवडते.

तुमची,
ताई